पातं नसलेला रंधा

अमरावती,
३ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. वच्छला हिस खुशालकाकाचे आशीर्वाद. धर्मपालांना नमस्कार सांग. इकडे ठीक आहे. माझा खोकला त्याच्या जागी, मी माझ्या.

सकाळपासून कानात एक जुना आवाज आहे. पडवीत माझा दादा, तुझा बाप, फळीवर रंधा मारायचा आणि आत मी शाळेची कविता घोकायचो. सर्रर्र, जरा थांबणं, पुन्हा सर्रर्र. पुढे मास्तरकीत जन्म गेला, पण कविता म्हणताना ती चाल काही सुटली नाही.

आठवण निघायला कारण झालं. यंदा शेतकी प्रदर्शनात जुनी अवजारं मांडणार आहेत. मोतीबिंदूनं डोळे अधू झाल्यापासून दादाची पेटी बंदच होती. तुझ्या आईनं, दुर्गावहिनीनं, ती माझ्याकडे पाठवली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावायला. दादा आला नाही. बौद्ध दीक्षा घेतलेल्या धर्मपालांशी तू लग्न केलंस तेव्हापासून तो तुझं नाव घेत नाही, आणि तुझी पत्रं माझ्या पत्त्यावर येतात हे कळल्यापासून माझा उंबराही त्यानं सोडला. असो.

रंधे ओळखणं अवघड नव्हतं. लांबलचक तो दाराच्या फळ्यांचा. पोटाला बाक असलेला गाडीच्या चाकाचा. अरुंद ते गलते, चौकटीला नक्षीची कड काढणारे. एकावर मी ‘लाकडाला बोलतं करणारा’ असं लिहिलं, तर प्रदर्शनाचे सूर्यभानजी म्हणाले, “मास्तर, नाव लिहा. कविता नोका करू.”

एक मात्र अडला. वीतभर गलता, पात्याशिवाय. छिलके बाहेर पडायची खाच उलट्या अंगाला. उजव्या हातात मूठ बसेचना. डाव्यात घेतली आणि बसली. आपल्या घरात डावखुरं कोण, हे तुला काय सांगू. लहानपणी तू रंधा धरलास की दादा म्हणायचा, “कावून वं, उलट्या हातानं लाकूड रागावते ना.” पण हातातून काढून कधी घेतला नाही.

वाटलं, तेव्हाचाच असेल. पण मूठ मोठ्या बाईच्या हाताची आहे. लाकूड बाभळीचं, आणि त्यात लोखंडाचा काळा डाग. भातकुलीच्या वावरातली तुझ्या झोक्याची बाभूळ आठव. झोक्याचा आकडा तिच्यात रुतून गेला होता. ती वावटळीत पडली तू लग्न करून अकोल्याला गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात.

शिवाय बाकी साऱ्या रंध्यांच्या भेगांत जुनं हळद-कुंकू आहे. याला बोटही लागलेलं नाही. आपल्याकडे खांडेनवमीला ज्याचं हत्यार त्यानंच पुजायचं, हा दादाचा नेम तुला माहीत आहे.

याची चिठ्ठी कोरी ठेवली आहे. तुला कळवावं की नाही हे ठरत नव्हतं. जे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, ते मी का सांगावं?

इथवर लिहिलं आणि दारात काठी वाजली. वाटलं, सूर्यभानजी चिठ्ठ्या न्यायला आले. पाहतो तर दादा. एकटाच, भिंती चाचपत आलेला.

“तो बाभळीचा परदर्शनात नोको ठेवू,” म्हणाला, आणि उपरण्यातून पातं काढलं. धार लावलेलं. त्या डोळ्यांनी कशी लावली कोण जाणे. “तिलेच लिहून राहिला ना?”

“हो.”

“मंग लिही. पातं पोष्टानं नाई धाडता येत, कोनाचा हात कापन. खांडेनवमीले येऊन घेऊन जाय म्हन.”

“अन् धर्मपाल?”

बराच वेळ तो पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. “जवायानं पूजा नाई केली तं नाई केली. जेवाले तं बसन.”

आता थांबतो. पत्र पेटीत पडल्याशिवाय हा उठेल असं दिसत नाही.

तुझा,
खुशालकाका
आणि शेजारी बसलेला