रेडिएटरमागची सांडगी मिरची

प्रिय सुनंदा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहावं, असं मला कधी सुचलं नव्हतं. पण आज घरी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. शिवाय त्यात निम्मा हात तुझा आहे!

हॉलमधला रेडिएटर गळायला लागला होता. खिडकीखालचा, तुझा. थंडी सुरू झाली म्हणून लावला, तर आतलं गरम पाणी झिरपून कार्पेट ओलं. मी खाली पातेलं ठेवून भागवत होतो. काल ऑकलंडहून केतकी आली आणि आल्या आल्या तिचे मोजे भिजले. "बाबा, धिस इज रिडिक्युलस! थ्रो इट आउट. गेट अ हीट पंप." म्हणजे एसीसारखा, वर भिंतीवर लावायचा तो. मी पातेलं रिकामं करून आणलं. लेकीशी वाद घालायचं खातं तुझ्याकडे होतं, नाही का?

सकाळी प्लंबर आला. क्रेग नावाचा, एवढ्या गारठ्यात हाफ पँट घालून. व्हॉल्व्हवर चढलेला पांढरा थर तो बघतच राहिला. "सॉल्ट? यू गाइज बीन लिव्हिंग बाय द सी?" पामर्स्टन नॉर्थमध्ये घरात कुठला समुद्र! पण मला कळलं होतं गं.

दर वर्षी एप्रिल संपत आला की तुझ्या सांडगी मिरच्या! बाहेर गवतावर दव गोठलेलं, आणि तू म्हणणार, "वैशाख आहे." अगं, इथे ऊन जानेवारीत असतं, तेव्हा कर, असं मी किती वेळा सांगितलं! "जानेवारीत कोणी सांडगी मिरच्या करतं का? तुम्ही पेपर वाचा." मग रात्री मिरच्या ताकात आणि दिवसा रेडिएटरवर. जरा निथळू द्याव्यात, एवढाही धीर नाही. खारट ताक वर्षानुवर्षं त्या व्हॉल्व्हवर ठिबकत राहिलं. पितळ झालं तरी किती सोसणार, सुनंदा?

क्रेगने रेडिएटर भिंतीवरून उतरवला आणि एकदम मागे सरकला. मागे काहीतरी काळं, सुरकुतलेलं पडलं होतं. "डेड माऊस, आय रेकन." केतकी किंचाळून सोफ्यावर चढली. तो ते पकडीत धरून कचऱ्याच्या पिशवीकडे निघाला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नो! दॅट इज माय वाइफ्स!"

क्रेगने भिंतीवरच्या तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली. मग ती वस्तू अलगद माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस, मेट."

आता त्याला काय सांगू? मिरची आहे म्हणून? केतकीकडे पाहिलं, तर ती उशीत तोंड खुपसून हसत होती. तू गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढे प्रश्न आलाच. हा रेडिएटर दुरुस्त होणार नाही, हीट पंप सोपा पडेल, असं क्रेगचंही मत. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हणालो. "नवा रेडिएटरच."

"बट व्हाय, बाबा?"

"हीट पंपावर मिरच्या कुठे वाळत घालणार?"

"मिरच्या कोण करणार?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"मी."

"यू कान्ट इव्हन मेक टी!"

खरं आहे. माझ्या हातचा चहा क्रेगने अर्धा कप तसाच ठेवला होता.

तो बाहेर गाडीत सामान ठेवत होता, तेव्हा केतकीने माझ्या हातातली मिरची घेतली, हुंगली. "आई यात काय काय घालायची?" मेथी, हिंग, धणे... आणि? किती? तू कधी सांगितलं नाहीस; आम्ही तरी कधी विचारलं? मिठाचा तेवढा अंदाज आला: पितळ खाऊन टाकेल इतकं!

नवा रेडिएटर पुढच्या आठवड्यात बसेल. जाताना क्रेगने दारातून बजावलं, "कीप धिस वन ड्राय, ओके?" मी मान डोलावली.

एवढ्या भल्या माणसाशी मी धडधडीत खोटं बोललो. मे महिन्यात केतकी रजा टाकून येणार आहे. मिरच्या खारट होतील, जळतील, कदाचित केतकीशिवाय कुणी तोंडात घालणार नाही. पण त्या रेडिएटरवर ओल्या मिरच्या पडतील, हा माझा शब्द.

तुझा,
श्रीकांत