गुऱ्हाळाच्या इंजिनाची पिन

मी, वजीर बाबालाल मुलाणी, वय ७२, धंदा डिझेल इंजिन दुरुस्ती, राहणार उंब्रज, ता. कराड, जि. सातारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. फक्त फार दमलो आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक आमच्या कायद्याप्रमाणे शाहरुख व तरन्नुम या माझ्या मुलांना जाईल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. शाहरुख महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. दर ईदला येऊन म्हणतो, "अब्बा, दुकानातली ती जुन्या इंजिनांची धुडं भंगारात घाला की आता." स्वतःच्या गाडीचे बॉनेट त्याने कधी उघडून पाहिलेले नाही.

२. एक तृतीयांशापर्यंत मला बाहेरच्या माणसाला देता येते. त्यात बसणारे माझे दुकान, सगळे पाने आणि पाच हॉर्सपॉवरचे जुने इंजिन मी ज्ञानू तात्याबा वीरकर, राहणार दहिवडी, ता. माण, यास देतो. तो अकरा वर्षे माझ्या हाताखाली होता.

३. त्याला पहिल्या दिवशी शिकवले ते इथे लिहितो, म्हणजे पुढचे कळेल. पिस्टन खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर काढतो. चार खेपांत जोराची एकच. बाकी तीन जड चाकाच्या गतीवर निघतात. पिस्टन वरखाली होतो, रॉड त्याचे फिरणे करतो. रॉडची टोपी बोल्टांनी आवळायची आणि नट सुटू नये म्हणून प्रत्येकात बारीक पिन घालून तिची टोके वळवायची. ज्ञानू म्हणाला होता, "आवं वजीरभाई, म्हंजी तीन खेपा फुकटच राबायचं?" मला फार हसू आले होते.

४. २००९ च्या हंगामात गुंडा साळुंखे यांच्या गुऱ्हाळाचे इंजिन आम्ही खोलले. रॉड मी बसवला. त्या कामाला मी दुसऱ्याला हात लावू देत नसे. एक पिन घालायची राहिली. तिसऱ्या दिवशी नट सुटला, रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला आणि गुंडाचा डावा पाय मोडला. तो आजही लंगडतो. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "पिन ज्ञानूनं घातली न्हाई." ज्ञानूने हातातला पाना माझ्या पेटीत ठेवला आणि तो चालू लागला.

त्याच आठवड्यात ती पिन माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडली. मी गप्प बसलो. ज्ञानूला नंतर कराडपासून साताऱ्यापर्यंत कोणी कामावर ठेवले नाही. तो गावी मेंढरांमागे गेला. मला लाज वाटते. सोळा वर्षे रोज वाटते.

५. हे ज्ञानूला माझ्या दफनानंतरच सांगावे. त्याच्यासमोर उभे राहण्याची माझी छाती नाही. साक्षीला मुद्दाम गुंडाला बोलावले आहे. त्याने सगळे वाचून मगच सही करावी.

ठिकाण: उंब्रज
दिनांक: १४ डिसेंबर २०२५
लिहून ठेवणार: (सही) वजीर बाबालाल मुलाणी

साक्षीदार:

१. (सही) शालूबाई जयराज थोरात, शेजारीण, निवृत्त शिक्षिका

२. (सही) गुंडा साळुंखे. सहीखाली त्यांच्याच हाताने:

"वजीर, वाचलं. पायाचं आपण मागनं बघू. पर तू मरंस्तवर ज्ञानूनं का म्हणून थांबायचं? जीप दारात हाय. चप्पल घाल, दहिवडीला जायचंय."