कुंड्यांचा उकंडराव

मु. किन्हीराजा
मंगळवार, दुपार

प्रिय मित्र भाऊसिंग यास उकंडरावचा मनापासून रामराम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे आणि रूपाच्या लग्नाची धावपळ ठीक असावी. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? (उगाच विचारत नाही, कारण पुढे येईल.) तू माझा फोन तीनदा कापलास, म्हणून हे पत्र पुतण्या हरीओमच्या हाती रिसोडला पाठवतो आहे. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

तुझा निरोप हरीओमने जसाच्या तसा सांगितला. "उकंड्यानं उठून पाणीबी नाई इचारलं. आता माह्या मांडवात येऊ नको म्हना त्याले." भाऊसिंग, चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी तुझ्याशी पुष्कळदा भांडलो, पण पाणी विचारलं नाही असं कधी झालं नाही. ओट्यावर बसलेल्या ज्या माणसाला तू पत्रिका दिलीस, तो मी नव्हतो. तो कुंड्यांचा होता.

झालं असं की, निवृत्त झाल्यावर गुलाबाची बाग करायची म्हणून मी मातीच्या साठ कुंड्या आणल्या होत्या. गुलाब पहिल्याच उन्हाळ्यात गेले (आमच्या सौ. रुख्मिणीच्या मते मी त्यांना पाणी कमी आणि सल्ला जास्त दिला) आणि कुंड्या गोठ्यामागे पडून राहिल्या. मी त्या फेकायला काढल्या तर ती मध्ये उभी राहिली. दुसऱ्या दिवशी एक पसरट कुंडी पालथी घालून, तिला चार बशांचे पाय लावून तिने तुळशीजवळ कासव बसवलं. मग घुबड केलं. फुटक्या कुंडीच्या खापरांचे पंख लावून त्याला असं काही बसवलं की आमची मांजर दोन दिवस अंगणात आली नाही. मी आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवली, पण माझ्या हातून मांजर कधी घाबरली नाही. हे मान्य करायला मला आठवडा लागला, पण आता सगळ्या गावाला सांगत फिरतो.

मग तिने मला करायला घेतलं. लहान कुंड्या बुडाच्या भोकातून दोरीत ओवून हातपाय केले, कमरेत लोखंडी गज घातला, दोन मोठ्या कुंड्या तोंडाला तोंड लावून पोट केलं. एवढं पोट कुठून काढलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "समोर पाहून." वर माझा जुना पायजमा, सदरा, टोपी आणि एक काडी तुटलेला चष्मा. मान किंचित डावीकडे कलती आहे. मी ऐकत नसताना ऐकल्यासारखं करतो तेव्हा माझी मान तशी होते, हे मला त्या दिवशी कळलं. येणारे-जाणारे त्याला रामराम करू लागले. रुख्मिणीसुद्धा आता किराण्याची यादी त्यालाच वाचून दाखवते. "हा आयकून तं घेते," म्हणते.

तर तू आलास त्या दुपारी ती शेजारी पापड लाटायला गेली होती आणि मी शेतात विहिरीची मोटार पाहायला. परत येऊन पाहतो तर त्याच्या मांडीवर कुंकू लावलेली पत्रिका आणि हाताच्या कुंडीत अक्षता. यात दोष कोणाचा असेल तर रुख्मिणीच्या हाताचा आणि तुझ्या डोळ्यांचा. राग सोड आणि रविवारी लग्नाला आम्हाला येऊ दे. वहिनींना नमस्कार, रूपाला आशीर्वाद.

तुझाच,
उकंडराव (हाडामांसाचा)

ता. क. रुख्मिणीने मांडवाच्या दारासाठी उरलेल्या कुंड्यांची नवरा-नवरी केली आहे. नवरीची मान रूपासारखीच ताठ आहे. मला नको म्हणालास तरी त्यांना आत घे.

आणखी एक. मी शेतात नव्हतो. दाराआड होतो. लोक कसे फसतात ते तिथून पाहायची मला सवयच लागली होती. तू जीपमधून उतरलास तेव्हा हसू दाबायला तोंडात टॉवेल धरला. तेवढ्यात तू त्याच्या हातावर अक्षता ठेवून म्हणालास, "उकंड्या, पोरगी चालली रे. माह्यानं पाहावनार नाई. तू जवळ उभा राह्यजो." आणि तुझा आवाज फुटला. मग मला बाहेर यायला तोंड राहिलं नाही. तू उत्तराची वाट पाहत उभा होतास आणि मी आत तसाच उभा होतो. फार लाज वाटते. रुख्मिणीला आज सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "बाहीरचा तं मातीचा होता. अंदरच्याले काय झालं होतं?"

रविवारी मी येतोच आहे. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. पाठवणीच्या वेळी तुझ्या शेजारी उभा राहीन. पाणीही विचारू नकोस. तांब्या मी घरून भरून आणतो, दोघांपुरता.