चंबूच्या झाडाचा श्रावण

ठाणे,
आषाढ शुद्ध षष्ठी, शके १८०६

चि. सौ. कमळा हीस,

ठाण्याहून सासूचा आशीर्वाद. माझा गुडघा सोडला तर घरात सगळे खुशाल. तुझ्या आईचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता लगेच चुलीपाशी बसू नका.

तुझं पत्र मिळालं. पत्रात ओळी मोजक्या, आणि त्यातल्या निम्म्या झाडाच्या! मी इकडे, तुझ्या मामंजींना, वाचून दाखवलं तर इकडून हसणं झालं, "सून सासूची चौकशी करते आहे की खिडकीची?" तर ऐक, तुझं झाड आहे तिथंच आहे. माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत, त्याच काचेच्या पेटीत. सकाळचं ऊन येतं तेवढंच, मग मी ओला पंचा टाकते.

दौलतनं ते सिंगापुराहून त्याच्या तिथल्या सोबत्याच्या, गुरुदत्तच्या हाती पाठवलं तेव्हा मी काय काय बोलले ते तुझ्या कानांनी ऐकलं आहेस. लोकांचे मुलगे आईला रेशीम पाठवतात, माझ्या मुलानं मुंग्या खाणारं झाड पाठवलं. पानाच्या टोकाला दोरा काय, दोऱ्याला चंबू काय, चंबूला झाकण काय! रंगूबाई शेजारीण तर पाहून दोन पावलं मागे सरली. पण आता रोज बघून बघून सवय झाली आहे. परवा एक मुंगळा झाकणाखालचं गोड चाटायला गेला आणि घसरून आत पडला. पाय मारतोय, मारतोय, वर काही येईना. मी काडी घातली होती त्याला काढायला. मग म्हटलं, झाडाच्या तोंडचा घास कशाला काढा?

तेव्हाच मनात आलं, दिवसाला एखाद-दुसऱ्या मुंगीवर या मेल्याचं पोट कसं भरत असेल? परमुलखातून आलेलं, आणि आपल्या कायस्थांच्या घरात उपाशी! दौलतनं लिहिलंय खरं, आई, त्याला पावसाचं पाणी घाल, खायला काही घालू नकोस. पण मुलगे असंच लिहितात. मलाही लिहितो, खाऊचे डबे पाठवू नकोस. म्हणून मी रोज सुक्या कोलंबीचा भिजवलेला एक एक सोडा प्रत्येक चंबूत टाकते. हळद-मीठ लावत नाही, तेवढी अक्कल आहे मला. चेंदणीची गंगू कोळीण म्हणाली, "बाय, झाडाला सोडे? मंग माज्या घरवाल्याला काय घालू?" तिच्या तोंडी कोण लागतं!

तुझ्या जाण्याचं तात्यांनी विचारलं आहे. दौलत तुला तिकडे बोलावतो आहे, तात्या म्हणतात सासूनं हो म्हटल्याशिवाय मुलगी समुद्रापार धाडणार नाही. त्यांचं बरोबर आहे. पण आता चातुर्मास लागतो. चातुर्मासात कोणी प्रस्थान ठेवतं का? मुहूर्त नाही. तेव्हा ते पुढं बघू. आईला जप.

तुझी सासू,
आवडा

*

ठाणे,
श्रावण वद्य तृतीया

चि. सौ. कमळा हीस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला तू उत्तर लवकर दिलंस, मीच उशीर केला. कारण सांगते. झाडाचं बरं नव्हतं, आणि ते तुला लिहायचा मला धीर होत नव्हता.

झालं असं, की सोडे घालायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत चंबू काळे पडायला लागले. बुडापासून. मला वाटलं अशक्तपणा आहे, म्हणून एकाचे दोन सोडे केले. माणूस खंगलं की आपण त्याला जास्तच भरवतो ना? वास सुटला गं बाई! इकडून माडीवर येणं बंद झालं. "घरात उंदीर मेला आहे, की तुझं लाडकं झाड जेवलं आहे?" असं खालून विचारणं व्हायचं. पानं पिवळी झाली. एकेक चंबू हात लावताच गळून हातात यायला लागला. आणि मी रडायला बसले. सोड्यांसाठी नव्हे. दौलतनं त्या मुलखातलं एवढं एकच जिवंत काही पाठवलं होतं.

तेवढ्यात श्रावण लागला. श्रावणात आपल्या घरात मासळीचा वाससुद्धा येत नाही, तुला ठाऊकच आहे. आता यालाच तेवढी सूट कशी देणार? त्याला म्हटलं, बाबा, या घरात राहायचं तर तूही पाळ. उरलेलं आयुष्य देवाच्या नावानं जाईल. मेलं तर मेलं, निदान पुण्य पदरी. सडलेले चंबू कात्रीनं छाटले, बाकी देवावर सोडलं.

आणि पाणी. आपल्या आडाचं पाणी खाडीच्या ओढीनं मचूळ. आपल्याला सवय, त्याला कुठली? दौलतनं पावसाचं पाणी लिहिलं होतं तेही मी कानाआड केलं होतं. आता पागोळ्यांखाली घंगाळ ठेवून तेच पाणी घालते.

तर सांगायचं म्हणजे, नवं पान आलं आहे! आणि त्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढा चंबू, झाकण अजून मिटलेलं. मी खाली हाक मारली, तर इकडून गुडघे धरत धरत वर येणं झालं. पाहून झाल्यावर शब्द काय, "कळलं का, काही न करता आलं ते." मला इतका राग आला! महिनाभर मी खपतेय, आणि म्हणे काही न करता.

गुरुदत्त येऊन गेला. तो बायकोला घेऊन दसऱ्यानंतरच्या आगबोटीनं सिंगापुरास परत जाणार आहे. तुला सोबत न्यायला तयार आहे, बाईमाणसाची सोबत आहे, काही काळजी नाही म्हणाला. उत्तर मागत होता. मी म्हटलं मुहूर्त नाही. इकडून वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणणं झालं, "दसऱ्याला मुहूर्त कशाला लागतो? त्या दिवशी तर सीमा ओलांडायचीच असते." मग मी म्हटलं, जातवाले काय म्हणतील. तर म्हणे, "दौलत गेला तेव्हा जे म्हणाले तेच म्हणतील, आणि लग्नाकार्यात जेवून जातील." मग मी म्हटलं मला खालची कामं आहेत, आणि उठून गेले. गुरुदत्तला चहासुद्धा दिला नाही. असं मी कधी केलं नव्हतं.

गौरी आणायला ये. माझ्या एकटीच्यानं होत नाही. एवढंच. दुसरं काही विचारू नकोस.

तुझी सासू,
आवडा

*

ठाणे,
भाद्रपद वद्य चतुर्थी

कमळे,

पितृपक्षात शुभ गोष्टीचं पत्र लिहू नये असं म्हणतात. पण सर्वपित्रीपर्यंत थांबले तर मी माझा शब्द फिरवीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून आजच लिहिते.

तू दसऱ्याला जा.

आता बाकीचं लिहिते. तू गौरीला आलीस, सगळं केलंस. रांगोळी, फुलवरा, आपल्या रीतीच्या कोलंबीच्या तिखट नैवेद्याचं वाटण, सगळं. हसलीस, रंगूबाईच्या सुनेला फुगड्यांत हरवलंस. मी मनात म्हटलं, बरी आहे पोर, कशाला जायचं हिला तिकडे? संध्याकाळी नैवेद्य झाल्यावर मी सवयीनं ताटातली एक कोलंबी उचलली आणि माडीवर झाडाकडे गेले. श्रावण संपला होता ना! तू मागून आलीस आणि माझं मनगट धरलंस. "नको, सासूबाई. त्याचं त्याला मिळतं."

लग्न होऊन आल्यापासून तू मला "नको" म्हटलं नव्हतंस. मी रागावणारच होते. पण धरायला हात उचललास तेव्हा तुझ्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. त्या बांगड्या मीच भरवल्या होत्या कासाराकडून, साबण लावून, तू कळवळत होतीस इतक्या घट्ट. अगं, कुठं गेलीस तू? पोळ्या तू करतेस, वाढतेस तू, आणि आम्ही कोणी तुझ्या पानाकडे पाहिलंच नाही. तुझ्या आईच्या दुखण्यात झिजलीस असं तुझे तात्या म्हणाले. आई तर केव्हाच बरी झाली!

तू विचारलं असतंस, भांडली असतीस, तर मला बरं पडलं असतं. मी भांडायला तयार होते. मुहूर्त, जात, समुद्राचं पाणी, सगळी उत्तरं मी घोकून ठेवली होती. तू फक्त झाडाचं विचारत राहिलीस.

खरं काय ते आता लिहिते. कोणाला वाचून दाखवू नकोस. वासरू दावणीला बांधलेलं असलं की गाय संध्याकाळी घरी येते, तसं मी तुला बांधून ठेवलं होतं. म्हाताऱ्या आईसाठी मुलगा समुद्र ओलांडून परत येत नाही, कमळे. बायकोसाठी येतो. तू इथं आहेस तोवर मी रोज मनाशी म्हणू शकत होते, येईल, आज ना उद्या यायलाच हवं त्याला. तू गेलीस की तुमचं घर तिकडे होईल, चूल तिकडे, पोरंबाळं तिकडे. मग तो पत्रं लिहील. चांगली लिहील, माझा मुलगा आहे. पण येणार नाही. हे मला आषाढातही ठाऊक होतं. चातुर्मास, मुहूर्त सगळं नुसतं बोलण्यापुरतं होतं.

इकडे आज सकाळी सांगितलं, कमळेला धाडायचं. वर्तमानपत्र बाजूला झालं. मग म्हणणं झालं, "तुला जड जाईल." मी म्हटलं, मग काय, जड जाऊ दे. तुझ्या तात्यांना वेगळं पत्र इकडून जाईलच. गुरुदत्तला निरोप धाडला आहे. या वेळी चहा देईन, आणि त्याच्या बायकोला खण-नारळ.

कपडे जास्त नेऊ नकोस, तिकडे बारा महिने उकाडा असतो म्हणे. लोणच्याची बरणी मी देणार आहे, त्याला नको असली तरी ने. आणि जेव. बोटीवर मळमळलं तरी जेव. कोणी पान वाढायला नसेल तर स्वतःचं स्वतः वाढून घे आणि पोटभर जेव. माझी तेवढी एक आज्ञा आहे, बाकी सगळ्या आज्ञा मी मागे घेते.

"तो परत नाही आला तरी मला चालेल", असं या जागी लिहायचं योजलं होतं. दोनदा लेखणी बुडवली. नाही लिहिता येत. मला चालणार नाही. मी रोज दाराकडे बघणार, मरेपर्यंत बघणार. तरी तू जा.

आणि दौलतनं विचारलंच, आई काय म्हणाली, तर सांग, आई रागावलेली नाही, हसत हसत निरोप दिला. ते खोटं आहे, पण तू माझी सून आहेस. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल.

तुला अडवून धरणारी, आणि आता हात सोडणारी,
आवडा