आतोबांच्या बाजूचा ब्रेक

ती. आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? मोतीबिंदू काढल्यापासून तुला लोकांच्या घरातली धूळ दिसायला लागली, असं ऐकलं, म्हणून तुझी भाचेसून सकाळपासून पंखे पुसते आहे. आम्ही सगळे बरे आहोत. गाडीबद्दल मात्र तसं सांगता येत नाही.

आतोबा गेल्यावर तू त्यांची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मोठ्या मनानं मला दिलीस. (छतावरची 'शिकाऊ' ही पाटी मी काढली. तरी लोक लांबूनच बाजूला होतात.) पहिल्याच आठवड्यात ब्रेक दाबला की किंचाळायला लागला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला इथे सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी चाकाला कान लावतो आणि मग तोंड वाकडं करतो. तो म्हणाला, "पॅड झिजलेत. लोखंडावर लोखंड घासतंय." पॅड बदलले. मग ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढायला लागली. पॅड चाकावर दाबणारा डावा कॅलिपर अडकत होता, तो मोकळा केला. मग पेडल स्पंजसारखं मऊ लागायला लागलं; ऑइलमध्ये हवा शिरली होती, ती काढली. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

आतोबांच्या सीटसमोर तो दुसरा ब्रेक आहे ना, शिकवणाऱ्यासाठीचा? एका भर दुपारी मी इंडिकेटर न देता वळलो आणि ते पेडल आपोआप खाली गेलं. गाडी गचकन थांबली. मग कुणी सावकाश पाय उचलावा तसं ते वर आलं. दुसऱ्या दिवशी चालवताना मोबाइलकडे बघत होतो, पुन्हा तेच. गाडीत मी एकटा, काचा बंद, आणि आतोबांच्या त्या सर्दीच्या मलमाचा वास. मी डॉक्टरकडे पळालो. त्यानं दोन्ही पेडल जोडणारा रॉडच काढून फळीवर ठेवला. "आता तिकडचं पेडल नुसतं शोभेचं," म्हणाला.

मंगळवारी पाण्याच्या टाकीजवळचा उतार उतरत होतो. खाली दोन हमाल आरशाचं कपाट घेऊन रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला. पुन्हा दाबला, पुन्हा तळ. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारली (हँडब्रेक नावाची वस्तू असते, हे संध्याकाळी आठवलं). पुढचा हमाल पळाला असता, पण मग कपाट मागच्या म्हाताऱ्यावर पडलं असतं, म्हणून तो डोळे मिटून जागीच उभा राहिला. तेवढ्यात डावीकडचं पेडल दाबलं गेलं, आत्या, पार जमिनीला टेकेपर्यंत. गाडी कपाटापासून वीतभर अंतरावर थांबली. आरशात मला मी दिसलो, पांढराफटक. शेजारची सीट रिकामी होती. पण तिचा पट्टा लावलेला होता, आणि तो सीटला टेकलेला नव्हता. चांगलं सुटलेलं पोट असावं तसा पुढे आला होता, आणि हळूहळू वरखाली होत होता.

त्या हमालांनीच गाडी ढकलत नेली. डॉक्टरनं खाली वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं नाही. "मास्टर सिलिंडर गेलाय. ऑइल सगळं गळून गेलंय. या गाडीला ब्रेकच नव्हता. थांबली कशी?" मी डाव्या पेडलकडे बोट दाखवलं. त्यानं फळीवरचा रॉड उचलला, माझ्याकडे बघितलं, रॉड परत ठेवला आणि हात धुवायला निघून गेला. आता नवा सिलिंडर बसवलाय. ("रॉड परत जोडू का?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, त्यांना गरज दिसत नाही.)

तुझा,
भाचा

ता. क. गाडी परत घेऊन जा, असं लिहायला बसलो होतो, पण खरं वेगळंच आहे. महिनाभर शिकवून आतोबा मला म्हणाले होते, "तू अजून तयार नाहीस." मी चिडून दुसरीकडून लायसन काढलं आणि त्यांच्या आजारपणात भेटायलाही आलो नाही. रजा मिळत नाही, असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. त्यांच्या शिकाऊंच्या वहीत माझ्या नावापुढे काय शेरा आहे, तेवढा बघून कळव.

पुन्हा ता. क. शेरा नापासाचा असेल तर तसाच लिही, गोड करून नको. रोज सकाळी मोकळ्या मैदानावर पहिल्या गिअरपासून सुरुवात केली आहे. काल चारदा गाडी बंद पाडली. कुणी रागावलं नाही.