तूर्तासचा ओटा

१२ मार्च २००६, वोल्फ्सबुर्ग, जर्मनी
मृणाल, सूनबाई, मी सांगते तसंच लिही. मला अक्षर येत नाही, पण तू काय गाळतेस ते तोंडावरून कळतं.
आज आंघोळीला गेले तर टबात कढई. म्हटलं, हिचाही नंबर आहे का? मृणाल गुडघे टेकून भांडी घासत होती. इथे भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघरात नुसत्या भिंती नि पाइप. ओटा, बेसिन, कपाटं आपली आपण बसवायची. यांच्याकडे चार वर्षं एक टेबल नि त्यावर दोन चकत्यांची शेगडी. लेकाला विचारलं. श्रीकांत म्हणतो, "आई, फॉर द टाइम बीइंग आहे गं."

१३ मार्च
"म्हणजे काय गं, मृणाल?"
"तूर्तास, आई. परत जायचं ठरलं तर ओट्याचं काय करायचं, म्हणतात."
तूर्तास म्हणजे लग्नघरातली सतरंजी. वऱ्हाड गेलं की गुंडाळायची. चार वर्षं अंथरून ठेवली तर तिला जमीनच म्हणायचं.
पडदे नाहीत. का? फॉर द टाइम बीइंग. पुस्तकं खोक्यात. तेच. विचारलं, माझी नात ईशा इथेच जन्मली, किंडरगार्टनला जाते, तीही तूर्तासच का? श्रीकांत पेपर वाचायला लागला. उलटा.

२० मार्च
मग मीही इंग्रजी सुरू केलं.
"आई, नाश्त्याला काय?"
"फॉर द टाइम बीइंग, पोहे."
रात्री जेवायला? तेच. काल, परवा, तेच. ईशा खूश. "आजी, नोखमाल!" म्हणून वाटी पुढे करते, म्हणजे आणखी वाढ. तिचा बाप मात्र...

३० मार्च, पाडवा
गुढीला पडद्याची दांडी. पडदे नाहीत, दांडी मोकळीच होती.
ताटात पोहे. वर खोबरं, सण म्हणून.
"आई, पुरणपोळी?"
"पुरण कुठे वाटू, पोळी कुठे लाटू? टबात?"
मृणाल ओढणी तोंडाला लावून हसली. हसता हसता रडायला लागली. (लिही, लिही. रडलीस तेही लिही.) श्रीकांतने पोहे संपवले. उठला, टेप आणली, भिंत मोजायला लागला. ईशाने दुसरं टोक धरलं.

२१ एप्रिल
दुकानातला माणूस मापं घेऊन गेला. ओट्याची उंची कोणाच्या बेताने, त्याने विचारलं. श्रीकांतने मृणालला भिंतीशी उभं केलं. "हिच्या." तो म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. ती लाजली, जणू दागिना घडवायला टाकलाय.
ओटा जूनमध्ये येणार. माझं विमान मेमध्ये.
म्हटलं, "पुरणपोळी मग तुमची तुम्हीच करा. डाळ-गुळाचं प्रमाण फोनवर सांगेन."
श्रीकांत म्हणाला, "थांब ना, आई. व्हिसा वाढतो का ते सोमवारी कचेरीत विचारतो."
"किती दिवस थांबू?"
हसला मेला. "फॉर द टाइम बीइंग."
गुलाम कुठला. माझंच औषध मला.
मृणाल, पेन का थांबवलंस? हो किंवा नाही, काहीच लिहू नकोस. नि ती माझी बॅग कपाटावरून काढायची घाई नको. डाळ मात्र जास्तीची आणून ठेव.