दोघी नवऱ्या एकदम उठल्या तेव्हा

ठिस्टेड, सोमवार

प्रिय इंगरताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यातूनच). तुझा नवा गुडघा काय म्हणतो? त्याच्यापायी तू आमच्या सिग्नेच्या लग्नाला मुकलीस. तेव्हा झालेला प्रकार लेकीच्या तोंडून कळण्याआधी बापाकडून कळलेला बरा.

जेवणावळीचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सिग्नेनं आधीच बजावलं होतं, "बाबा, 'तुमच्यात नवरा कोण' छापाचा एक जरी विनोद केलास, तर माईक आस्तामावशीकडे." (आस्ताबाई म्हणजे दुसऱ्या नवरीची, रोन्याची मावशी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात.) एकुलत्या एका लेकीच्या लग्नात बापाच्या हातून माईक जाणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. म्हणून मी सगळ्या रिती नव्यानं बसवल्या. नवरा बाहेर गेला की पुरुषांनी धावत जाऊन नवरीचा मुका घ्यायचा, नवरी गेली की बायकांनी नवऱ्याचा, हे आपलं जुनं. इथे नवराच नाही! मी जाहीर केलं, जी नवरी मागे राहील तिचा मुका सगळ्यांनी घ्यायचा, बाई-बुवा भेद नाही. टाळ्या पडल्या. मी स्वतःवर फार खूश झालो.

रोन्या एकदा उठली आणि सिग्नेच्या गालांचे टोमॅटो झाले. सिग्ने उठली, रोन्याचं तेच. मग दोघींनी जागचं हलणंच सोडलं. बियर मात्र येतच होती. माझं भाषण चालू असताना दोघी ओठ चावत, डोळ्यांत पाणी आणून बसलेल्या. मला वाटलं, गहिवरल्या. मी भाषण लांबवलं.

शेवटी सिग्ने ओरडली, "बाबा, पुरे! आम्ही दोघी एकदमच जाऊन येतो!" आणि हातात हात घालून दोघी पळाल्या. पाहुणे रांगेत, खुर्च्या रिकाम्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. माईकमधून निघून गेलं, "मग शेजाऱ्याचा घ्या!" माझ्या शेजारी (सिग्नेची आई कारेन गेल्यापासून ती खुर्ची रिकामीच असायची) आस्ताबाई होत्या. त्या म्हणाल्या, "एगोनराव, आधी चष्मा काढा."

माईक गेला, ताई. पण ठरल्याप्रमाणे तो बाईंकडे द्यायला सिग्ने आली, तेव्हा बाईंचा एकही हात मोकळा नव्हता.

तुझा,
एगोन

ता. क. आस्ताबाईंना लग्न नको, माझ्या घरी राहायलाही नको. त्या त्यांच्या घरी, मी माझ्या. बुधवारी आणि शनिवारी भेटायचं. जेवण मात्र झोकात घालायचं ठरलंय. सिग्ने म्हणते, बाबाला माईकजवळ फिरकू देऊ नका. तर सूत्रसंचालन तू करशील का?

आणखी एक ता. क. तुझं भाषण मी लिहून ठेवलं आहे. तू फक्त वाचायचं. मधला विनोद सिग्नेला आधी दाखवू नकोस.